सेकंदकाट्याचं घड्याळ घे

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा थोडा राग आला. नर्सिंग फाउंडेशनच्या तासाला अर्धा वर्ग डुलक्या घेतो, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची जन्मतारीख पाठ करून सलाईन लावता येणार आहे का, असं तू विचारतोस. नाही येणार. सलाईन लावायला तू चार आठवड्यांत शिकशील. पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढं करून मोकळं व्हायचं, की आपलेही डोळे वापरायचे, हा प्रश्न वॉर्डात पहिल्याच आठवड्यात तुझ्यापुढे उभा राहील. तुझ्याआधी दोन हजार वर्षं तो लोकांना पडत आलाय. त्यांनी काय काय उत्तरं दिली, कुठे चुकले, एवढंच त्या तासात असतं. शिकवणारे ते तारखांखाली पुरून टाकतात, हा दोष मात्र आमचा.

सुरुवात चरकापासून करते. चिकित्सेचे चार पाय त्याने सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाचे कोणते? उपचारज्ञता, दाक्ष्य (कामातली तत्परता), रोग्याविषयी अनुराग आणि शौच, म्हणजे स्वच्छता. यातले दाक्ष्य आणि शौच वैद्याच्या यादीतही आहेत, अगदी त्याच शब्दांत. आणि सांगितलेलं ऐकणं, म्हणजे 'निर्देशकारित्व', हा गुण त्याने मागितला तो रोग्याकडे. परिचारकाच्या यादीत तो नाहीच. सुश्रुताला हे मान्य नसावं. त्याचा परिचारक 'वैद्यवाक्यकृत्' आहे, वैद्य म्हणेल तसं करणारा. म्हणजे भांडण तेव्हापासूनचं आहे बघ. पण त्याच श्लोकात सुश्रुताने 'अजुगुप्सु' असा एक शब्द घातलाय, किळस न करणारा, आणि त्या एका शब्दासाठी मी त्याला बाकी सगळं माफ करते. चिघळलेल्या जखमेचं ड्रेसिंग तू पहिल्यांदा उघडशील तेव्हा रोगी जखमेकडे बघत नसेल, तो तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेल. मास्क असला तरी भुवया दिसतात.

'बायकांच्या कामात कुठे शिरलास' असं तुला घरचे म्हणतात, त्याचंही उत्तर इथेच आहे. या जुन्या ग्रंथांतला परिचारक पुरुषच आहे. सोळाव्या शतकात इटलीत कॅमिलस दे लेलिस नावाचा एक शिपाई होता. पक्का जुगारी. पायाची जखम भरेना म्हणून रोमच्या रुग्णालयात गेला, तिथेच सेवेला लागला, जुगारापायी हाकललाही गेला. पुढे त्यानेच रुग्णसेवा करणाऱ्या पुरुषांचा संघ काढला. त्यांच्या काळ्या झग्यावर लाल क्रॉस असे, रेड क्रॉस संस्था निघण्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी. एकोणिसाव्या शतकात नव्या पद्धतीच्या प्रशिक्षण शाळा बहुतेक बायकांसाठी निघाल्या, आणि मग हे काम 'बायकांचं' ठरलं. घरच्यांशी यावरून वाद घालू नकोस, त्यांच्यापैकी कुणी आजारी पडलं की प्रश्न आपोआप मिटतो.

आता नाइटिंगेल. दिवा घेतलेली ती बाई तुझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असेलच, आणि तिच्या हातात अलाउद्दीनचा असतो तसला दिवा असेल. खरा दिवा तसला नव्हता. तुर्की पद्धतीचा, घडी होणारा कंदील होता तो. ही बारीक गोष्ट झाली, मोठी गोष्ट वेगळीच आहे. क्रायमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ती ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचली. तिने स्वयंपाकघर लावलं, कपडे धुण्याची सोय केली, चादरी, अंगरखे, ब्रश मिळवले. आणि त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ च्या आसपास होतं. त्यात घावांनी मेलेले थोडे. कॉलरा, हगवण, टायफस यांनीच जास्त गेले. रुग्णालयाची बराकच तुंबलेल्या गटारांवर उभी होती. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं, त्यांनी गटारं उपसली, पाणी तपासलं, भिंतींना चुना मारला, हवा खेळती केली. जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ वर आलं.

इथे कुणीही म्हणालं असतं, माझ्यामुळे झालं. मायदेशी तर तिच्या नावाचा जयजयकार चालला होता. परतल्यावर ती विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे घेऊन बसली आणि १८५८ मध्ये ते रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत मांडले. एक पाकळी म्हणजे एक महिना, आणि निळा रंग टाळता आले असते अशा रोगांच्या मृत्यूंचा. सगळीकडे निळंच दिसतं. स्वतः राबलेल्या हिवाळ्याच्या पाकळ्या सगळ्यांत मोठ्या निघाल्या, आणि तिने त्या तशाच छापल्या. मला विचारशील तर तिचं मोठेपण इथे आहे, रात्रीच्या फेऱ्यांत नाही. तुझा राग तिच्यावर नसून दिव्यावर आहे, असं मला वाटतं.

(त्याच युद्धात जमैकाची मेरी सीकोल होती. तिला सरकारने नाकारलं, तेव्हा स्वतःच्या पैशाने ती क्रायमियात पोचली. तुझ्या पुस्तकात तिला फार तर एक ओळ असेल. ग्रंथालयात शोध.)

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या निधीतून शाळा सुरू झाली, ते तुला ठाऊक आहे. तिच्याइतकीच मला लिंडा रिचर्ड्स जवळची वाटते. अमेरिकेत रीतसर शिक्षण घेतलेली पहिली परिचारिका, १८७३ ची. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रात्रपाळीची प्रमुख असताना तिने प्रत्येक रोग्याची स्वतंत्र लेखी नोंद ठेवायची पद्धत घालून दिली. त्याआधी काय चालायचं याची कल्पना कर. ही पाळी त्या पाळीला तोंडी सांगणार, आणि जे सांगायचं राहिलं ते गेलं. आज तू कंटाळून जो चार्ट भरतोस, त्याची ही थोरली बहीण.

तो चार्ट मी एकदा खोटा भरलाय. दुसऱ्या वर्षाला होते, रात्रपाळी, भरलेला वॉर्ड. टेम्परेचर आणि पल्स मी प्रामाणिकपणे घेतले, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २० असं लिहीत गेले. सगळेच तसं लिहायचे. सकाळी इन्चार्ज सिस्टर ओव्हर (रात्रपाळीकडून वॉर्डाचा ताबा) घ्यायला आल्या आणि पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका काकांच्या पलंगाशी थांबल्या. मनगट हातात धरलं, नाडी बघतोय असं त्यांना वाटावं म्हणून, आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलं. ३४. काका शांत पडून होते, ताप नव्हता, तक्रार नव्हती. डॉक्टर आले, छातीचा फोटो निघाला, फुप्फुसात न्यूमोनिया सुरू झालेला. काका वाचले, पण माझ्यामुळे नाही. सिस्टर ओरडल्या नाहीत. टीपीआरची, म्हणजे टेम्परेचर, पल्स आणि श्वास यांच्या नोंदीची वही माझ्यापुढे धरून एवढंच म्हणाल्या, "हे सगळे एका तालात श्वास घेतात का गं?"

प्रकृती ढासळायला लागली की बहुतेक वेळा आधी श्वास वाढतो, बाकीचे आकडे मागून येतात. हे मी तेव्हाही परीक्षेत लिहिलं होतं, चांगले मार्क मिळाले होते. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने माणसाच्या १४ मूलभूत गरजा सांगितल्या. त्या पाठ करताना तू पहिली म्हणून 'नीट श्वास घेता येणे' असं घोकशील. तिची व्याख्याही जवळून वाच. माणसाला ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर जे त्याने स्वतःच केलं असतं, ते करायला आपण मदत करतो. बरं व्हायला, नाहीतर शांतपणे मरायलाही. या व्याख्येत डॉक्टरांचं नाव नाही. यावर एकदा विचार करून मला लिही.

परिचारिकांच्या सरकारी नोंदणीचं थोडक्यात सांगते. ते प्रकरण लांबलचक आहे आणि त्यात नाइटिंगेल चक्क चुकीच्या बाजूला होती. परीक्षा घेऊन नर्सचा स्वभाव कळत नाही, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण एथेल बेडफर्ड फेनविक ही ब्रिटिश परिचारिका १८८७ पासून कायद्यासाठी भांडत राहिली. न्यूझीलंडने १९०१ मध्येच कायदा केला, ब्रिटनचा १९१९ मध्ये झाला, आणि तिथल्या नोंदवहीत पहिला क्रमांक फेनविकबाईंचाच पडला. तुझं नाव नोंदलं जाईल तेव्हा घरी पेढे वाटशील, वाट. पण नाव नोंदलेलं असतं म्हणूनच खोडता येतं, आणि ती वही रोग्यासाठी ठेवलेली असते, आपल्या मानासाठी नाही.

सुश्रुताचा 'वैद्यवाक्यकृत्' त्यानंतरही बराच काळ टिकला. दिवे हातात घेऊन तू जी शपथ घेशील, ती नाइटिंगेलने लिहिलेली नाही. १८९३ मध्ये डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर आणि तिच्या सहकाऱ्यांनी लिहिली, आणि तिच्यात डॉक्टरांना निष्ठेने साथ देण्याचं वचन आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची १९५३ ची आचारसंहितासुद्धा डॉक्टरांचे आदेश निष्ठेने पाळा असंच सांगत होती. १९७३ मध्ये ती बदलली: परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या माणसांशी. डॉक्टरांचा अवमान कर असं याचा अर्थ काढू नकोस. ०.५ मधला बिंदू पुसट झाला की ५ होतं; अशी ऑर्डर हातात आली तर औषध भरायच्या आधी फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. चिडले तर चिडू देत. माझ्यावर पुष्कळ जण चिडलेत, आणि त्यातल्या दोघांनी नंतर आभारही मानले.

सोमवारी तुझं वॉर्ड पोस्टिंग सुरू होतंय ना? सेकंदकाटा असलेलं घड्याळ घे, साधं चालेल. मोबाईल काढून मोजू नकोस, रोग्याला वाटतं तू मेसेज बघतोयस. पहिल्या रात्री रोगी झोपलेले असताना पाच जणांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोज आणि ते पाच आकडे मला लिहून पाठव. पाचही सारखे निघाले, तर पुन्हा मोज.

तुझी,
मॅडम