कॉलेजची मराठी संशोधनपत्रिका ऑनलाइन काढायला ग्रंथालयाची मदत होईल का?

सर, खानापूर तालुक्यातल्या कॉलेजची अर्धवार्षिक पत्रिका, छपाई परवडेना, वेबसाइटवाला दरवर्षी पैसे मागतोय, मग ग्रंथालयाकडून काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात ग्रंथपाल आहे. होईल, आणि वेबसाइटवाल्याशिवाय होईल.

सॉफ्टवेअर फुकट आहे: ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस. कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टनं २००१ मध्ये आणलं. लेख मागवणं, परीक्षकांकडे धाडणं, अंक लावणं, सगळं त्यात होतं. ते कॉलेजच्याच सर्व्हरवर, कॉलेजच्याच पत्त्याखाली बसवून घ्या. डोमेन कुणा प्राध्यापकाच्या नावावर नको. ते निवृत्त झाल्यावर नूतनीकरण कोण करणार?

खरी मेहनत जुन्या अंकांची. आपल्याकडे बरेच अंक श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, जुळवलेले असतात. पीडीएफ पडद्यावर झकास मराठी दिसते, पण त्यातली एखादी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा, इंग्रजी अक्षरांचा चिवडा येईल. गूगलच्या हातीही तोच चिवडा लागतो, त्यामुळे ‘सीमाभागातील बोली’ असं शोधणाऱ्याला तुमचा लेख सापडत नाही. कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरांत, येतो, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. मुद्रितशोधन माणसानंच करायचं. एवढं झेपत नसेल तर निदान प्रत्येक लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव आणि सारांश युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा. हे काम ग्रंथालयाचंच, सूची करायची आम्हाला सवय असते. ओजेएसमध्ये एकाच लेखाचं शीर्षक अनेक भाषांत भरता येतं. कन्नडमध्येही भरा, धारवाडच्या अभ्यासकालाही लेख सापडेल.

छापील अंकाचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, ऑनलाइन आवृत्तीला चालत नाही. वेगळा मागावा लागतो. तो दिल्लीच्या नॅशनल सायन्स लायब्ररीकडून विनाशुल्क मिळतो. डीओआयला, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांकाला, मात्र दरवर्षी पैसे मोजावे लागतात, सुरुवातीला नसला तरी अडत नाही. आणि ‘यूजीसी केअर’च्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य संशोधनपत्रिकांच्या यादीची चिंता सोडा, ती २०२५ मध्ये बंदच झाली.

जुने लेख चढवण्याआधी लेखकांची लेखी परवानगी घ्या, लेखक हयात नसतील तर वारसांची. लेख निवडणं, परीक्षक ठरवणं मात्र ग्रंथपालावर ढकलू नका, ते संपादक मंडळानंच बघावं.

आयएसएसएन आला आणि पहिला अंक चढला की ओजेएसवाल्यांच्या जतन-जाळ्यात पत्रिकेची नोंद करा. तेही फुकट आहे, आणि उद्या कॉलेजचा सर्व्हर बसला तरी अंकांच्या प्रती दुसरीकडे राहतात.