सायनसचे ऑपरेशन कोणी करून घ्यावे?

प्रश्न : माझे पती (वय ४४) तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत. दोन वर्षे नाक चोंदते, घशात कफ उतरतो, वास जवळजवळ येतच नाही. सीटी स्कॅनमध्ये 'सायनसायटिस' आल्यावर बेळगावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीचे ऑपरेशन सुचवले. करावे का? – एक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, निव्वळ स्कॅनच्या रिपोर्टवर हो म्हणू नका. ऐन सर्दीत काढलेल्या स्कॅनमध्ये निरोगी माणसाचेही सायनस (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या) भरलेले दिसतात. बारा आठवड्यांहून जुना त्रास आणि सोबत दुर्बिणीत किंवा स्कॅनमध्ये दिसणारी सूज, असे दोन्ही असेल तरच तो जुनाट सायनसायटिस. नुसते डोके दुखते आणि स्कॅन स्वच्छ आहे, अशांना ऑपरेशनचा उपयोग नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना अर्धशिशी असते.

यजमानांच्या त्रासात खरा प्रश्न आहे तो आधीच्या औषधांचा. ती नीट झाली का? पाच-पाच दिवसांची अँटिबायोटिक्स पुन्हापुन्हा घेणे म्हणजे उपचार नव्हे. स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे रोज, किमान आठ आठवडे हवा. बहुतेकांचा तो आठवडाभरातच बंद होतो, कारण नाक लगेच मोकळे होत नाही. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने, नळीचे टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवून मारावा. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येते आणि औषधही वाया जाते. त्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे : लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड लहान चमचा मीठ, दर नाकपुडीला साधारण १०० मिली, दिवसातून दोनदा. पाणी उकळून कोमट केलेलेच घ्यावे. विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नको. त्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत पोचला तर जिवावर बेतते.

वास गेला आहे म्हणून दुर्बिणीत मोड (पॉलिप, म्हणजे नाकातले मऊ फुगवटे) आहेत का, हे नक्की विचारा. असतील तर डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स देतात; आधी रक्तातील साखर तपासून घ्या.

एवढे करूनही स्कॅनमध्ये आजार राहिला आणि त्रास मोजण्याच्या २२ प्रश्नांच्या तक्त्यात (SNOT-22; एकूण गुण ११०) त्रास २० किंवा त्याहून जास्त भरला, तर ऑपरेशन जरूर करावे. त्याने वाटा मोकळ्या होतात आणि औषध आत पोचते. आजार मुळासकट जात नाही. धुणे आणि स्प्रे पुढेही चालूच राहतात. वखारीत धूळ आहे, तेव्हा मास्क हवाच. बिडी ओढत असतील तर ती सुटायलाच हवी, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो.

प्रश्न : फक्त उजव्या नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येतो. मीही आठ आठवडे थांबू का? – वाचक, अथणी

उत्तर : नाही. एका बाजूच्या त्रासाला हा हिशोब लागू नाही. स्कॅन लवकर करा आणि वरच्या दाढा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दाढेच्या मुळाचा पू सायनसमध्ये उतरतो. बुरशीचा गोळा असेल तर औषधाने जात नाही, ऑपरेशनच लागते. क्वचित गाठही निघते. डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले किंवा मधुमेह्याच्या नाकात काळी खपली धरली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.