फौंड्रीतला ॲस्बेस्टॉस, वडिलांची धाप आणि भरपाईचा दावा

आपला प्रश्न असा आहे की वडील १९८४ ते २०१६ या काळात कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंग (वाळूचे साचे करणे) आणि मेल्टिंग (धातू वितळवणे) विभागात होते, आता त्यांचे वय ६७ आहे, जिना चढताना धाप लागते, टीबीची औषधे दोनदा पूर्ण करूनही गुण आला नाही, आणि अलीकडच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या आवरणावर चुना साचलेले चट्टे दिसले आहेत. हे ॲस्बेस्टॉस या उष्णतारोधक तंतुमय खनिजामुळे असू शकेल काय, आणि निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी भरपाई मागता येते काय, असे आपण विचारले आहे. मी स्वतः एकतीस वर्षे फौंड्रीत काढली आहेत आणि गेली काही वर्षे सहकाऱ्यांच्या दाव्यांची कागदपत्रे जुळवून देतो. त्या अनुभवावरून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय, असू शकते. आमच्या काळात फौंड्रीत ॲस्बेस्टॉस कुठे नव्हता, हेच सांगणे कठीण आहे. साच्याचे वरचे आणि खालचे खोके जोडताना सांध्यातून लोखंड फुटून बाहेर येऊ नये म्हणून आम्ही ॲस्बेस्टॉसची दोरी बसवत असू. ती पुडक्यातून ओढून काढायची, गुडघ्यावर धरून चाकूने कापायची आणि टोकाचे विसकटलेले धागे चिमटीने पिळून सारखे करायचे. भट्टीच्या दाराला तीच दोरी, लॅडलच्या, म्हणजे वितळलेले लोखंड ओतण्याच्या भांड्याच्या, कवचाआड ॲस्बेस्टॉसचा पत्रा, ओतकाम करणाऱ्यांच्या हातात ॲस्बेस्टॉसचे मोजे आणि अंगावर त्याचेच एप्रन. पाळी संपली की आम्ही ते मोजे खांबावर आपटून झटकत असू. दुपारी छताच्या फटीतून उन्हाची तिरीप आत यायची, तेव्हा तिच्यात पांढरट तुसे तरंगताना स्पष्ट दिसायची. जी दिसायची ती मोठी होती आणि बहुधा नाकातच अडकत असणार. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत. वडिलांना या दोरीविषयी आणि मोज्यांविषयी अवश्य विचारा, कारण त्यांच्या आठवणीतला हा तपशील पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

ॲस्बेस्टॉसचे तंतू शरीरात विरघळत नाहीत. ते फुफ्फुसात रुतून राहतात आणि त्यांच्याभोवती हळूहळू व्रणासारखे घट्ट ऊतक तयार होते, त्याला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. त्याशिवाय फुफ्फुसाचा कर्करोग आणि आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोगही त्यातून होतो. तंतू श्वासावाटे आत जाणे आणि आजार दिसणे यांत साधारणपणे वीस ते चाळीस वर्षे जातात. आवरणावरचे चुनायुक्त चट्टे दोन्ही बाजूंना असतील, तर ती ॲस्बेस्टॉसच्या संपर्काची बऱ्यापैकी खात्रीची खूण मानली जाते, मात्र जुन्या टीबीमुळेही आवरण जाड होऊन त्यात चुना साचू शकतो, विशेषतः एकाच बाजूला. म्हणून चट्टे नेमके कुठे आणि कसे आहेत हे छातीच्या तज्ज्ञांकडून एचआरसीटी (अधिक बारकावे दाखवणारा सीटी) स्कॅन व श्वसनक्षमता चाचणी करून लेखी घ्यावे. वडील विडी किंवा सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद करायला लावा. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. आपण प्रश्नात फक्त ॲस्बेस्टॉसचे नाव घेतले आहे, पण मोल्डिंग विभागात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ, म्हणजे वाळूतली गारेची धूळ, त्याहून कितीतरी अधिक गेलेली असणार. वाळू चाळताना, साचा फोडताना, ओतीव घासताना जी धूळ उठते ती तीच. त्यातून सिलिकोसिस होतो, सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर जडतो, आणि क्ष-किरण चित्रात सिलिकोसिसलाच टीबी समजून वर्षानुवर्षे औषधे दिल्याची प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, स्फटिकरूप सिलिका आणि लोखंड-पोलादाच्या फौंड्रीतले काम या तिन्ही गोष्टी माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवल्या आहेत. दावा केवळ ॲस्बेस्टोसिसचा केला आणि वैद्यकीय मंडळाला तो सिलिकोसिस वाटला, तर चांगला दावा नावामुळे अडतो. त्यामुळे अर्जात दोन्ही धुळींचा आणि दोन्ही आजारांचा उल्लेख करा.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. तिच्या क भागात सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस आणि सिलिकोसिसबरोबरचा टीबी येतो, तर ब भागात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा येतो. नोकरी सुटल्यानंतर असा रोग जडला आणि तो त्या कामामुळेच झाला हे सिद्ध झाले, तर तोही कामावरील अपघातच मानावा अशी तरतूद त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. अडचण आहे ती मुदतीची. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, आणि नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली तरच लक्षणे प्रथम आढळल्याच्या दिवसापासून ती मोजण्याची सवलत मिळते. जो आजार उमटायलाच वीस वर्षे लागतात त्याला दोन वर्षांची कुंपणे घालणे हा मला सरळ अन्याय वाटतो. तरीही दार पूर्ण बंद नाही. पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला, आहे, आणि आधी टीबी म्हणून उपचार झाले, खरे निदान आत्ता झाले, हे कारण पटण्यासारखे आहे. म्हणूनच निदान लेखी मिळाले की त्या तारखेपासून एकही महिना वाया घालवू नये.

मात्र त्याआधी वडिलांचा कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, होता काय हे शोधा. तो असेल तर मालकाविरुद्ध नुकसानभरपाई कायद्याखाली दावा चालत नाही. लाभ ईएसआय महामंडळाकडून घ्यावा लागतो. तो कमी प्रतीचा आहे असे मुळीच समजू नका, कारण वैद्यकीय मंडळाने कमाईची क्षमता जितकी टक्के घटली असे ठरवले त्या प्रमाणात कायमचे अपंगत्व निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळते. मंडळाचा निर्णय अमान्य असेल तर विमा न्यायालयात जाता येते. शिवाय किमान पाच वर्षे विमा असलेल्या निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा घेता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

विमा नसेल तर महाराष्ट्रात आयुक्तांचे हे काम कामगार न्यायालयाकडे असते. संपूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा घटक, म्हणजे वयानुसार कायद्याने ठरवलेला आकडा, असा हिशेब होतो. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे आणि ६५ वर्षांवरील व्यक्तीसाठी घटक ९९.३७ आहे. वडिलांचे शेवटचे वेतन १४,००० रुपये धरले तर रक्कम ८,३४,७०८ रुपये होते. अपंगत्व अंशतः ठरले तर त्या प्रमाणात ती कमी होते, आणि मालकाने वेळेत न दिल्यास वर्षाला १२ टक्के व्याज लागते. वडील ठेकेदारामार्फत कामाला होते असे मालकाने म्हटले तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. कुणी हातात थोडे पैसे ठेवून ‘माझा कोणताही दावा नाही’ अशा कागदावर सही मागितली, तर ती देऊ नये. हक्क सोडणारा असा करार कायद्याने रद्दबातलच असतो, पण सही झाली की पुढे ती निस्तरण्यात वर्षे जातात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून नुकसानभरपाईचा आणि ईएसआयचा हे वरील दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. आजार केव्हाचा धरायचा त्यानुसार अर्ज जुन्या कायद्याखाली की संहितेखाली, हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून ठरवून घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या प्रकरणात असे म्हटले की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांतील जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत जपाव्यात. आपले प्रकरण फौंड्रीचे आहे, तरी आजार उशिरा उमटतो हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे, ही बाब उशीर माफीच्या अर्जात जरूर मांडावी.

कागदांविषयी एक अनुभव सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या प्रकरणात कंपनीने ॲस्बेस्टॉस कधी वापरलाच नाही असे लेखी दिले. त्याच्याकडे पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, पण दोरीचा पुरावा नव्हता. शेवटी स्टोअरमध्ये काम केलेल्या एका निवृत्त माणसाच्या घरी माल आल्याची जुनी वही सापडली, तिच्यात दोरीची मापे किलोमध्ये लिहिलेली होती, आणि दोघा मोल्डरांनी प्रतिज्ञापत्र दिले. तेव्हा कुठे सुनावणीचा सूर बदलला. आपणही भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, ईएसआय कार्ड, सेवा प्रमाणपत्र आणि जुन्या छातीच्या फिल्म एका पिशवीत गोळा करा, आणि वडिलांबरोबरचे जे दोन-तीन जण हयात आहेत त्यांना या महिन्यातच भेटा. त्यांची वयेही वडिलांइतकीच आहेत.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा केस पेपरवर ‘३२ वर्षे फौंड्रीत काम, वाळू व ॲस्बेस्टॉसचा संपर्क’ एवढी ओळ लिहून घ्या. पूर्वी कारखाना अधिनियमाच्या ८९ व्या कलमानुसार आणि नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार, असा रोग आढळल्यास मुख्य निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हेही त्यांना नम्रपणे सांगा, आणि आपणही एक प्रत कोल्हापूरच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कार्यालयात देऊन पोच घ्या.