रोज घासूनही न निघणारे डाग

"मुलगा दात घासत नाही, किती ओरडले तरी ऐकत नाही," ही तक्रार घेऊन येणारे पालक मला दर महिन्याला भेटतात आणि बहुतेक वेळा ती तक्रार खरीही असते. यवतमाळ जिल्ह्यातील एका आईच्या बाबतीत मात्र ती खरी नव्हती, आणि हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा नववीत होता. वर्गात धडा वाचायची पाळी आली की घसा दुखतो असे सांगायचा, बोलताना वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायचा आणि हसू आलेच तर हात तोंडाशी न्यायचा. मुले त्याला 'खर्रा' (सुपारी-तंबाखूचे चघळायचे मिश्रण) म्हणून हाक मारत. आईलाही तीच शंका होती. तिने दोनदा त्याचे दप्तर तपासले होते. "कितीक सांगावं जी याले, दात घासत जा म्हणून," ती म्हणाली. मुलगा मान खाली घालून बसला होता. मी सकाळ-रात्र दात घासल्याच्या खुणा करण्यासाठी एक तक्ता करून दिला. अशा तक्त्यांवर तेव्हा माझा जरा जास्तच विश्वास होता.

पुढच्या भेटीत तक्ता पूर्ण भरलेला होता आणि मुलगा अधिकच गप्प झाला होता. त्याच्या पुढच्या खेपेला मी त्याला त्याचा ब्रश घेऊन यायला सांगितले. महिन्याभरापूर्वीच घेतलेल्या त्या ब्रशचे केस दोन्ही बाजूंना पार आडवे झाले होते. आई बाहेर गेल्यावर त्याने सांगितले, की तो दिवसातून चार-पाच वेळा दात घासतो, कधी राखेने, कधी लिंबू-मिठाने, एकदा तर विटेच्या भुकटीने, आणि हिरड्यांतून रक्त आले की थांबतो.

तालुक्याच्या दंतवैद्यांनी त्याला आ करायला लावले आणि पहिलाच प्रश्न पाण्याचा केला. घरी हातपंपाचे पाणी पीत. पटाशीच्या दातांवर डावी-उजवीकडे सारखेच तपकिरी पट्टे होते आणि बाकीच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके. हा फ्लोरोसिस होता, म्हणजे पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे दातांवर पडलेले डाग. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत खडकातले फ्लोराइड भूजलात उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. या हातपंपाच्या नमुन्यात ते त्याहून जास्त निघाले. अक्कलदाढ सोडली तर कायमच्या दातांचे एनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, साधारण आठव्या वर्षापर्यंत जबड्यातच घडत असते, आणि त्या काळात जादा फ्लोराइड पोटात गेले की डाग एनॅमलमध्येच मुरतो. तो ब्रशने कसा निघणार? आईचे माहेर दुसऱ्या जिल्ह्यातले, म्हणून तेच पाणी पिऊनही तिचे दात स्वच्छ होते. वडिलांचे दात मुलासारखेच होते, पण त्याचे खापर घरात आजवर तंबाखूवर फुटत आले होते.

आईला हे समजावताना मी पाण्याच्या आकड्यांवर फार थांबले नाही. ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "पाच वर्षं झाले मॅडम, मी याले रोज बोलते." तिने मुलाची माफी मागावी असे मी सुचवले नाही, जाताना तिने बसस्थानकाजवळच्या दुकानातून मऊ केसांचा ब्रश घेतला, एवढे मला नंतर मुलाकडून कळले.

खरी काळजी करण्याजोगी होती ती तिची चार वर्षांची धाकटी मुलगी. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून थोडे वाढतेच. साध्या गाळणीचाही उपयोग होत नाही. तेव्हा पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी नळयोजनेवरून आणायचे ठरले. मुलाच्या डागांसाठी वरचा पातळ थर घासून काढणे किंवा दाताच्या रंगाचे लेपन करणे असे उपाय आहेत आणि त्यासाठी त्याला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवले आहे.

शाळेत विज्ञानाच्या सरांनी पाण्यावर एक तास घेतला, तेव्हा त्याच वर्गातल्या आणखी सहा जणांच्या दातांवर फिके पट्टे सापडले. 'खर्रा' ही हाक तिथेच बंद पडली. तो आता धडा वाचतो. हसताना हात अजूनही तोंडाशी जातो, पण त्याविषयी मी त्याला काही विचारलेले नाही.