सिस्टरना विचारा : आभा नंबर, मनगटावरचा पट्टा आणि पर्समधला कागद

या महिन्याची पत्रं वाचताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त प्रश्न हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरबद्दलच आहेत. मिरजेत इन-चार्ज सिस्टर असताना आमच्या वॉर्डातली काळी ओव्हर-वही (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती लिहून द्यायची वही) जाऊन स्क्रीन आली. नव्या मुलींना ती सिस्टीम शिकवायचं कामही माझ्याकडेच होतं. तिचं मला कौतुक आहे, आणि तिच्या खोड्याही मला पाठ आहेत.

प्रश्न : आईचं वय ७४. बीपी आणि साखर आहे, हृदयाची झडप बदललेली आहे. तीन डॉक्टर आणि तीन फायली. मध्यंतरी हॉस्पिटलच्या काउंटरवर तिचा आभा नंबर काढून दिला. भाचा म्हणतो, आता सगळं ऑनलाइन झालं, फायलींची पिशवी घरी ठेव. ठेवू का? — एक वाचक, इचलकरंजी

नका ठेवू. भाच्याचा उत्साह चांगला आहे, पण पिशवी बरोबर असू द्या.

आभा हा पेशंटच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा १४ अंकी नंबर. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्याचा हा भाग. लोकांना वाटतं, दिल्लीत कुठल्या तरी मोठ्या कपाटात आईची फाईल जाऊन बसली. तसं नसतं. रिपोर्ट ज्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये तयार झाला, तिथेच तो राहतो. आईने मोबाईलवर परवानगी दिली की तो दुसऱ्या डॉक्टरला ठरावीक मुदतीपुरता दिसतो. लॅबची सिस्टीम या जाळ्याला जोडलेलीच नसेल, किंवा काउंटरवर केस काढताना आभा नंबर घातलाच नसेल, तर दिसायला काही नाही. गॅसचा ग्राहक क्रमांक मिळाला म्हणून सिलिंडर घरी येत नाही, त्यातलाच प्रकार.

आणि आधी हे बघा की नंबर काढताना मोबाईल कुणाचा दिला होता. घाईत भाच्याचा दिला असेल तर परवानगीचा ओटीपी त्याच्याकडे जाणार. तो पुण्याला कामावर, आई इचलकरंजीत कॅज्युअल्टीत, असं नको.

मला जास्त काळजी आहे ती रिकाम्या स्क्रीनची. कागदाची फाईल आणली नाही तर डॉक्टर विचारतात, "आधीचं काही आहे का?" स्क्रीनवर मात्र ॲलर्जीचा रकाना मोकळा दिसला की घाईतल्या माणसाला वाटतं, ॲलर्जी नाही. खरं तर तिथे कुणी काही भरलेलंच नसतं. म्हणून तुमच्या आईला कशाची ॲलर्जी नसेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या. असेल तर औषधाचं नाव आणि तेव्हा नेमकं काय झालं तेही लिहा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला हे वेगळं, आणि गोळीने पोट बिघडलं हे वेगळं. दोन्ही एकाच शब्दाखाली गेलं की पुढे एखादं चांगलं औषध आईला उगाच बंद होतं.

आता कागद. एका पानावर आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात छापलेलं कंपनीचं नाव लिहा, पण त्याखाली बारीक अक्षरात जे मूळ औषधाचं नाव असतं, तेही लिहा. बीपीची एकच गोळी दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी दिलेली आणि पेशंट दोन्ही घेतोय, हे मी वॉर्डात कितीदा पाहिलं. तिन्ही हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर उत्तम असले तरी ते एकमेकांशी बोलत नसतील तर हे पकडणार कोण? ते घरच्यांनाच दिसतं, कारण तिन्ही ठिकाणच्या गोळ्या एकाच डब्यात येतात. प्रत्येक गोळीपुढे किती, केव्हा, कशासाठी आणि कुणी सुरू केली ते लिहा. बंद केलेल्या गोळ्या खाली वेगळ्या लिहा, तारखेसह, आणि त्यांच्या उरलेल्या स्ट्रिप्स घरातून काढून टाका.

बदललेली झडप यांत्रिक (मेकॅनिकल) असेल तर आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असणार. ती यादीत सगळ्यात वर, लाल शाईने लिहा. शेजारी शेवटच्या आयएनआर तपासणीची (रक्त किती पातळ आहे ते यात कळतं) तारीख आणि आकडा. गुडघे दुखतात म्हणून चौथ्या डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी लिहिली, तर या दोघींचं मिळून रक्तस्राव होऊ शकतो. गोळी घेण्याआधी तो कागद पुढे करायचा.

आई साखरेसाठी इन्सुलिन घेत असेल तर आणखी एक. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनातलं आणि परदेशातून येणारं बहुधा १०० चं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी जमली तर डोस अडीचपट जातो. कॉम्प्युटरवर मात्र दोन्हीकडे "२० युनिट" असंच दिसतं, त्याला यात काही चूक सापडत नाही. म्हणून यादीत बाटली कितीची आणि टोपण कुठल्या रंगाचं, तेही लिहा.

त्या कागदाचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा, मूळ कागद आईच्या पर्समध्ये. आणि हो, एखाद्या हॉस्पिटलातला जुना केसपेपर हवा असेल तर लेखी अर्ज द्या. ॲडमिट झालेल्या पेशंटची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. मात्र ती जपण्याचं बंधन तीन वर्षांचं आहे, तेव्हा उशीर करू नका.

प्रश्न : वडील ॲडमिट होते. प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी सिस्टर मनगटावरचा पट्टा स्कॅन करून वर नाव विचारायच्या. बाबा वैतागले, "सकाळपासून तुम्हीच आहात ना? मला ओळखत नाही?" हे खरंच गरजेचं आहे का? — एक वाचक, नाशिक

बाबांना सांगा, दर वेळी पूर्ण नाव सांगा आणि जन्मतारीखही सांगा. चिडायचं असेल तर चिडून सांगा.

आमच्या भागात एका वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका असणं ही रोजची गोष्ट. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घातलं तरी ते जुळायचं. म्हणून नाव अधिक जन्मतारीख, किंवा नाव अधिक रजिस्ट्रेशन नंबर, अशा दोन खुणा लागतात. खाटेचा नंबर ही खूण नव्हे, कारण रात्रीत पेशंट खिडकीजवळच्या खाटेवर हलवलेला असतो. विचारायची पद्धतही महत्त्वाची आहे. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर झोपेतला, ऐकायला कमी येणारा माणूस कशालाही "हो" म्हणतो. म्हणून "तुमचं नाव सांगा" असंच विचारायचं असतं.

स्कॅनरने फार मोठं काम केलं आहे, पण त्यालाही फसवता येतं. पट्टा भिजून बारकोड वाचला जात नाही, मशीनची बॅटरी उतरलेली असते, रात्री एका सिस्टरकडे नको तितके पेशंट असतात. मग पट्ट्याचं जादा स्टिकर ट्रॉलीच्या कडेला चिकटवायचं आणि तेच स्कॅन करायचं, असला शॉर्टकट निघतो. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, पण पेशंटला कुणी तपासलेलंच नसतं. त्यात मुलींचा आळस कमी आणि व्यवस्थेची कंजुषी जास्त असते, हे मी ठामपणे म्हणेन. तुम्हाला दिसलं तर सिस्टरवर ओरडू नका. पट्टा वाचला जात नसेल तर नवा छापून मागा. अंघोळीच्या वेळी तो कापून टेबलावर ठेवू नका.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे. आमच्या सिस्टीममध्ये औषध टाकलं की प्रत्येक वेळी इशारा येतो. सगळे न वाचता ओके दाबतात, आता मीही. काय करावं? — एक वाचक, कोल्हापूर

सगळ्याच गोष्टींवर भोंगा वाजला की कुणीच ऐकत नाही. यावर तुम्ही एकट्या काही करू शकणार नाही. कुठले इशारे सगळे नेहमी उडवून लावतात त्याची यादी फार्मासिस्टकडे द्या, आणि फालतू इशारे बंद करण्याचा निर्णय हॉस्पिटलच्या समितीतून होऊ द्या. ॲलर्जी आणि औषधांच्या जीवघेण्या जोड्या यांचे इशारे मात्र तसेच राहिले पाहिजेत.

तुम्ही विचारलं नाही तरी फोनवरच्या ऑर्डरबद्दल सांगते. डॉक्टरांनी रात्री फोनवर सांगितलेला डोस लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा, आणि आकडे सुटे करून : "फिफ्टीन, एक-पाच." फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. डॉक्टरांना बोलावताना आधी आत्ता काय झालंय, मग पेशंटची पार्श्वभूमी, मग तुम्हाला काय वाटतं, शेवटी तुम्हाला काय हवंय, या क्रमाने बोला. ही पद्धत मूळची अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून हॉस्पिटलात आली. ज्युनिअर मुलीला "सर, तुम्ही येऊन बघा" म्हणायचं धाडस या पद्धतीमुळे येतं, म्हणून ती मला प्रिय.

प्रश्न : आई आमच्याकडे अमेरिकेत आली आहे, ग्रीन कार्ड आहे. तिच्या बायोप्सीचा रिपोर्ट डॉक्टरांच्या फोनआधीच हॉस्पिटलच्या पेशंट-पोर्टलवर (वेबसाइटवरच्या तिच्या खात्यात) आला. मी ऑफिसात, एकटीने तो उघडला. असा कसा पाठवतात? आईला इंग्रजी येत नाही, तिच्याशी मीच बोलते. — एक वाचक, न्यू जर्सी

तिकडच्या क्युअर्स ॲक्ट या कायद्याखालच्या नियमांमुळे एप्रिल २०२१ पासून बहुतेक रिपोर्ट तयार झाल्याबरोबर पेशंटला दिसतात. डॉक्टरांना तो अडवून ठेवायला फार थोडी मोकळीक आहे. नियम पेशंटच्या हक्कासाठी आला, आणि मला तो पटतो. पण तुम्ही ऑफिसच्या खुर्चीत एकट्या बसून तो वाचला, हेही खरं. पुढच्या वेळी तपासणी करतानाच डॉक्टरांना विचारा : रिपोर्ट कधी येईल, तुम्ही फोन कधी कराल? मग तोपर्यंत उघडायचा की नाही, हे आईला ठरवू द्या.

आईचा पासवर्ड वापरत असाल तर थांबा. तुमच्यासाठी वेगळा अधिकृत प्रवेश मागून घ्या, बहुतेक पोर्टलवर तो मिळतो. तुम्ही आईच्या नावाने पाठवलेला निरोप डॉक्टरांना आईचाच वाटतो, आणि तोच तिच्या नोंदीत राहतो.

आणि दुभाषी व्हायचं सोडा. रागावू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या तिकडच्या हॉस्पिटलांना दुभाषी विनामूल्य द्यावा लागतो. मराठीचाही मागा, फोनवर किंवा व्हिडिओवर मिळू शकतो. लेकीच्या तोंडून वाईट बातमी नेहमी पातळ होऊन येते. वॉर्डात मी ते रोज पाहिलं : डॉक्टर दहा वाक्यं बोलायचे, मुलगा आईला सांगायचा, "काही नाही, बरं होईल." मग आई डोस चुकवायची, कारण काही नाही ना!

प्रश्न : डॉक्टर व्हॉट्सॲपवर औषधं लिहून पाठवतात. चालतं का? — एक वाचक, सातारा

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार चालतं, पण चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख आणि सही हवी. नशेची आणि तत्सम कडक नियंत्रणातली औषधं अशी देता येत नाहीत. केमिस्टला फोटो अर्धा कापून पाठवू नका, आणि घरच्या ग्रुपवरून वर सरकत शोधलेला जुना फोटो तर मुळीच नाही, त्यावर जुना डोस असतो. जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की मूळ औषधाचं नाव आणि मुदत मोठ्या अक्षरात वाचता येते, चष्मा नसला तरी. औषधाने काही विचित्र त्रास झाला तर डॉक्टरांना कळवाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री नंबरवर पेशंट स्वतःही नोंद करू शकतो. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा, कारण ते बॅच नंबर विचारतील.