इतकं सगळं उघड झाल्यावरही सामान्य कॅथलिकांना चर्चचा राग येत नाही का?

येतो. फार येतो. तुम्ही विचारलंय की फादरांनी मुलांवर केलेले अत्याचार बाहेर आल्यावरही आम्ही मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गपचूप कसे जाऊन बसतो. सगळेच गप्प नसतात हो.

झगा घातला म्हणून कुणी संत होत नाही, हे आम्हालाही कळतं. सहन होत नाही ती वरिष्ठांची तऱ्हा. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये तक्रार आली की त्या फादरची बदली व्हायची दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, आणि तिथल्या आईबापांना कशाचा पत्ता नसायचा. २००२ मध्ये वर्तमानपत्राने हे चव्हाट्यावर आणलं, वर्षअखेरीस तिथले आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पायउतार व्हावं लागलं. आणि २००४ मध्ये? रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या भव्य बॅसिलिकाचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं! ज्यांची मुलं नासवली गेली त्यांना हे वाचून काय वाटेल, हा विचार वर कुणाच्याच मनात आला नसेल?

माझा स्वतःचा अनुभव छोटा आहे. मिस्सात वाचायच्या प्रार्थना मी लिहून देते. एकदा लिहिलं, ‘धर्मगुरूंकडून अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी प्रार्थना करू या.’ रविवारी कागद हातात आला तेव्हा त्या ओळीवर काट मारलेली, वर पेन्सिलीने ‘सर्व दुःखी-पीडितांसाठी’. मी तेच वाचलं. घसा इतका दाटला की पुढची प्रार्थना नीट म्हणताच आली नाही.

मरी कॉलिन्स आयर्लंडच्या. लहानपणी त्यांनी स्वतः हे भोगलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये बालसंरक्षणासाठी आयोग नेमला, त्यात त्यांना घेतलं. २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एक कारण असं की पीडितांच्या पत्रांना किमान उत्तर तरी द्या, एवढी साधी गोष्टही व्हॅटिकनच्या एका खात्याने मानली नाही. साधी पोच द्यायला कुठला धर्मसिद्धान्त आड येतो, सांगा!

काहीच बदललं नाही असं म्हणणं खोटं होईल. २०१९ मध्ये धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी अशा गोष्टी वरिष्ठांना कळवणं बंधनकारक झालं, त्याच वर्षी या खटल्यांवरची ‘पोपची गुप्तता’, म्हणजे त्यातली माहिती गुप्त ठेवण्याचा चर्चचा कडक नियमही उठला. पण बिशपवर आरोप आला की प्राथमिक चौकशी सहसा त्याच प्रांताच्या आर्चबिशपकडे जाते. म्हणजे घरातल्या घरातच. आम्ही प्रापंचिकांनी दान द्यायचं, मुलांना धर्मशिक्षणाला धाडायचं, आणि चौकशीचं पुढे काय झालं ते मात्र विचारायचं नाही. मी विचारते. काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलंय.

तरी मिस्सा सोडणार नाही. ख्रिस्त काही बिशपांच्या मालकीचा नाही. ती ओळ मी पुन्हा लिहून दिली आहे. या रविवारी वाचायची पाळी माझीच आहे, आणि काट मारली असली तरी मी तीच ओळ वाचणार आहे.