इंग्रजी शिकवायला परदेशी, पण जोडीने

प्रश्न : मी सात वर्षे इंग्रजी शिकवते. जपान किंवा दक्षिण कोरियात जाऊन शिकवावे, असा विचार आहे. माझे पती हिशेबाचे काम करतात आणि सोबत येण्यास तयार आहेत. तिथे गेल्यावर ते घरून ऑनलाइन काम करतील किंवा छोटा अभ्यासक्रम करून शिकवू लागतील, असे आम्ही ठरवले आहे. दोघांनी एकदम जावे, की मी आधी जावे?

उत्तर : आपण आपल्या नोकरीचा बारकाईने विचार केलेला दिसतो, पतींच्या व्हिसाचा मात्र प्रश्नात उल्लेखही नाही. अशा बेतांत अडचण येते ती बहुधा तिथेच.

आधी पासपोर्ट पाहा. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांना मिळणारा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपले नागरिकत्व यांपैकी नसेल, तर सात वर्षांचा अनुभवही तिथे फारसा उपयोगी पडत नाही. हे न्याय्य आहे असे मला वाटत नाही, परंतु नियम तसा आहे.

जपानमध्ये शिक्षकाच्या जोडीदाराला कुटुंबीय म्हणून राहण्याचा परवाना मिळू शकतो. तेवढ्याने काम करण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि तीही सर्वसाधारणपणे आठवड्याला २८ तासांपर्यंतच असते. ‘पगार मायदेशातून येतो, म्हणजे हे इथले काम नव्हेच’ हा युक्तिवाद घरात पटतो, पण कागदावर टिकेलच असे नाही. त्यामुळे ऑनलाइन कामाबद्दल इमिग्रेशन कार्यालयाकडून आणि करसल्लागाराकडून आधीच खुलासा करून घ्यावा.

पतींनी केवळ सोय म्हणून शिक्षक व्हावे, हे मला रुचत नाही. तरीही त्यांना खरोखर शिकवावेसे वाटत असेल, तर सेल्टासारखा (इंग्रजी शिकवण्यासाठीचे केंब्रिजचे प्रमाणपत्र) अभ्यासक्रम निवडावा. त्यात किमान १२० तासांच्या अभ्यासाबरोबर खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते, आणि हे काम आपल्याला झेपते का, ते त्या सहा तासांत कळते. पुढे दोघांनाही एकाच शाळेत नोकरी मिळाली, तर दोन्ही पगार आणि बहुधा घरही एकाच मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते, एवढे ध्यानात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट नोकरीच्या जाहिरातीत सहसा ठळक नसते. जपानमधील इंग्रजी संभाषणाचे खासगी वर्ग हे शाळा आणि कार्यालये सुटल्यानंतर भरतात, त्यामुळे शिक्षकाचा दिवस दुपारी सुरू होऊन रात्री संपतो आणि शनिवारही बऱ्याचदा कामाचाच असतो. भाषा न येणाऱ्या, काम नसलेल्या माणसाने त्या संध्याकाळी कशा काढायच्या, याचे उत्तर पतींनी स्वतः द्यावे. त्यांच्या वतीने आपण देऊ नये.

माझे मत विचाराल, तर आपण दोन-तीन महिने आधी जावे. शाळेने दिलेले घर अनेकदा एकट्यापुरतेच असते. दोघांना राहता येईल का आणि जोडीदाराच्या परवान्यासाठी लागणारी कागदपत्रे शाळा देईल का, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. विवाह प्रमाणपत्रावरील आणि पासपोर्टवरील नावे तंतोतंत जुळतात का, हे मात्र आजच तपासावे. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर त्या दुरुस्तीतच कित्येक आठवडे जाऊ शकतात.